आधी गावात दाखवू की आधी फेस्टिव्हलला पाठवू?

तुम्ही विचारलेला प्रश्न मोठा होता, थोडक्यात असा: गावातल्या दारूबंदीच्या मतदानावर, म्हणजे ज्याला आपण 'आडवी बाटली' म्हणतो त्यावर, ५४ मिनिटांची डॉक्युमेंटरी तयार आहे, पैसे स्वतःचे, दोन मित्रांची मदत. ज्या बायकांनी ते मतदान घडवून आणलं त्या रोज विचारतायत की आम्हाला कधी दाखवणार, आणि एक मित्र सांगतोय की गावात दाखवलीस तर प्रीमियर गेला, मग कुठलाच फेस्टिव्हल घेणार नाही. वर फेस्टिव्हलला फिल्म पाठवायच्या फीचा खर्च. आणि शेवटी एक ओळ, की एवढं करून गावाला काय मिळणार.

मी डॉक्युमेंटरी एडिट करते, बरीच वर्षं, आणि अधूनमधून फेस्टिव्हलांसाठी प्रीव्ह्यू करते, म्हणजे आलेल्या ढिगातून पहिली निवड करायचं काम. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं माहितीये. एक आधीच सांगते, तुमची फिल्म मी बघितलेली नाही, त्यामुळे ती कुठे लागेल हे मी सांगू शकत नाही आणि न बघता जो सांगेल त्याचं ऐकूही नका.

मला वाटतं तुमचा खरा प्रश्न कुठले फेस्टिव्हल हा नाहीचे. खरा प्रश्न आहे की फिल्मचे पहिले प्रेक्षक कोण. त्याचं उत्तर माझ्या मते सरळ आहे, त्या बायका. आधी त्या, मग बाकी सगळं. आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाहीये, त्याला धंद्याची पण कारणं आहेत, ती पुढे सांगते.

आधी प्रीमियरची भीती काढून टाकू. मोठ्या फेस्टिव्हलांना, विशेषतः त्यांच्या मुख्य स्पर्धेला, वर्ल्ड प्रीमियर किंवा इंटरनॅशनल प्रीमियर हवा असतो हे खरंय. वर्ल्ड म्हणजे जगात पहिलं जाहीर स्क्रीनिंग, इंटरनॅशनल म्हणजे स्वतःच्या देशाबाहेरचं पहिलं. पण यात 'जाहीर' हे महत्त्वाचं. फिल्ममधल्या लोकांना, टीमला, निमंत्रितांना बंद दाराआड दाखवलेलं बहुतेक ठिकाणी प्रीमियर धरत नाहीत. प्रत्येकाचे नियम वेगळे, म्हणून वेबसाइटवर वाचायचं आणि शंका असेल तर सरळ मेल टाकून विचारायचं, प्रोग्रॅमिंगवाली, म्हणजे फिल्मा निवडणारी माणसं उत्तर देतात, उलट असं विचारणारा माणूस त्यांना बरा वाटतो. प्रीमियर कशाने जातो? पोस्टर लावून, तिकीट लावून, यूट्यूबवर टाकून, फेसबुक लाइव्ह करून. आणि आपल्याकडची खास पद्धत म्हणजे आमदारांच्या हस्ते उद्घाटन, शाल-श्रीफळ, आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात 'माहितीपटाचा भव्य प्रीमियर सोहळा संपन्न'. ती बातमी गुगलवर सापडते हो. ते नका करू.

मित्राचं बरोबर कुठे आहे तेही सांगते. तुमचं लक्ष्य जर पहिल्या फळीतल्या चार-पाच फेस्टिव्हलांची मुख्य स्पर्धाच असेल तर भारतातलं एखादं छोटं जाहीर स्क्रीनिंगही आधी करताना विचार करावा लागतो. पण पहिली फिल्म, ५४ मिनिटं, पाठीशी निर्माता नाही, अशा वेळी त्या एका शक्यतेसाठी दीड वर्ष फिल्म हार्डडिस्कमध्ये कोंडून ठेवणं मला पटत नाही. फिल्म पण शिळी होते, बहुतेक ठिकाणी गेल्या एक-दोन वर्षांत पूर्ण झालेलीच चालते.

आता गावातलं दाखवणं. इथे जरा थांबून लिहिते कारण यातच सगळं अडकतं.

दोन टप्प्यांत करा. पहिला टप्पा फक्त त्या बायका, कोणाच्या तरी घरात, टीव्हीला लॅपटॉप जोडून, दुपारी कामं आटोपल्यावर, घरातली पुरुषमंडळी नसताना. हे सबटायटल चित्रावर कायमचे बसवण्याच्या आणि रंग-साउंडचं शेवटचं काम करण्याच्या आधी करायचं, म्हणजे अजून बदल करता येतो तेव्हा. मी एडिट केलेल्या एका फिल्ममध्ये एक बाई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता दिराबद्दल सहज एक वाक्य बोलून गेली होती. आम्हाला ते फार आवडलेलं, सीनचा जीवच तो. घरी दाखवलं तेव्हा ती हसत हसत बघत होती आणि त्या वाक्याला एकदम गप्प झाली, मग म्हणाली, "हे तेवढं नको, मला त्याच घरात राहायचंय." काढलं. फिल्म थोडी पातळ झाली, हो झाली. पण नंतर ती फिल्म जिथे जिथे गेली तिथे ती बाई स्वतःहून यायला तयार असायची, आणि प्रश्नोत्तरांत दिग्दर्शकापेक्षा तीच जास्त बोलायची.

तुमच्या केसमध्ये तर धोका जास्त आहे. दारूचं दुकान ज्याचं आहे तो गावातलाच, त्याचे भाऊबंद गावात, आणि मतदान करणाऱ्या बायकांचे नवरे त्याचे गिऱ्हाईक. शूटिंगच्या वेळी कॅमेऱ्यासमोर हो म्हटलेलं आणि फिल्म पूर्ण बघून हो म्हटलेलं यात फरक असतो. मतदानाच्या जोशात माणूस जे बोलतो ते दोन वर्षांनी पडद्यावर सगळ्या गावासमोर ऐकायची तयारी असेलच असं नाही.

आणि हा फक्त छोट्या फिल्मांचा प्रश्न नाही. 'रायटिंग विथ फायर' माहिती असेल, 'खबर लहरिया' या बुंदेलखंडातल्या बायकांच्या बातमीपत्रावरची. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिव्हलला दोन पुरस्कार, मग ऑस्करचं नामांकन. आणि मार्च २०२२ मध्ये, ऑस्करचा समारंभ काही दिवसांवर असताना, खबर लहरियानेच जाहीर पत्रक काढलं की फिल्ममध्ये आमच्या कामाचं जे चित्र दिसतं ते पूर्ण नाही, एकाच पक्षाच्या बातम्यांवर आमचा भर असल्यासारखं दिसतं. कोण बरोबर यात मी पडत नाही, एडिटर म्हणून मला दोन्ही बाजू कळतात, फिल्म म्हणजे निवड आलीच. पण वर्षभर जगभर फिरलेल्या फिल्मबद्दलचं असं मतभेदाचं बोलणं जगासमोर व्हावं यापेक्षा ते आधी घरात, टीव्हीसमोर झालेलं कधीही बरं. धंद्याचं कारण म्हणाले ते हेच. फेस्टिव्हलच्या प्रश्नोत्तरांत पहिला-दुसरा प्रश्न हमखास असतो, की यातल्या लोकांनी फिल्म बघितली का, काय म्हणाले. "अजून दाखवली नाही" हे उत्तर सभागृहात फार वाईट ऐकू येतं.

दुसरा टप्पा सगळं गाव. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरा पडदा, रात्री जेवणं झाल्यावर, आणि साउंडसाठी डीजेवाल्याचे बॉक्स आणू नका, त्यात बोललेलं कळतच नाही, नुसता दणका येतो, साधे दोन स्पीकर आणा. पहिल्या रांगांत पोरं बसणार आणि स्वतःची आजी दिसली की ओरडणार, त्यात पाच मिनिटं वाहून जातील, जाऊ देत. मोबाइलवर शूट करून कोणी स्टेटसला टाकणार नाही हे मात्र आधीच नीट सांगून ठेवा, एक क्लिप फिरली तर तुमच्या हातात काही राहत नाही. आणि कायद्याचं म्हणाल तर जाहीर प्रदर्शनाला सेन्सॉरचं सर्टिफिकेट लागतं, त्यामुळे हे निमंत्रितांपुरतंच ठेवा, सरपंच आणि पोलीस पाटलांच्या कानावर आधी घाला. हा गाववाला टप्पा प्रीमियर झाल्यानंतर केला तरी चालेल, किंबहुना दुकानदाराकडून त्रासाची शक्यता असेल तर नंतरच करा. फिल्मची बाहेर थोडी दखल झाली असेल तर बायकांना तेवढाच आधार असतो. पण पहिला टप्पा आधीच, तिथे तडजोड नको.

आता फेस्टिव्हल कशासाठी. आपण सगळ्याला एकच नाव देतो पण आत वेगवेगळी कामं चालतात. एक, दाखवायची जागा. दोन, बाजार, जिथे पुढच्या फिल्मला पैसे मिळू शकतात. तीन, शिक्का, म्हणजे नाव लागलं की पुढची दारं उघडतात. आणि चार, माणसं भेटणं, जे सगळ्यात कमी बोललं जातं आणि माझ्या मते सगळ्यात जास्त टिकतं.

या चौथ्याचं माझं आवडतं उदाहरण जपानमधलं यामागाता. काही टोकियो-ओसाका नाही, शेतीच्या भागातलं मध्यम शहर. १९८९ मध्ये नगरपालिकेला शंभर वर्षं झाली म्हणून शहरानेच डॉक्युमेंटरीचा आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल सुरू केला. याच्या मागे ओगावा शिन्सुके नावाचा दिग्दर्शक होता, जो आपली अख्खी टीम घेऊन जवळच्या मागिनो गावात वर्षानुवर्षं राहिला, तिथे भात लावला, भातावर आणि गावावर फिल्मा केल्या. पहिल्याच वर्षी स्पर्धेत आशियातली एकही फिल्म नव्हती, तर आलेले आशियाई दिग्दर्शक एकत्र बसले, असं का यावर भांडले, जाहीरनामा काढला. पुढे तिथे आशियातल्या नव्या लोकांसाठी वेगळा विभाग झाला आणि त्यातला मुख्य पुरस्कार ओगावाच्याच नावाने देतात. रात्री सगळे जमायचे ते एका जुन्या लोणच्याच्या दुकानाच्या वास्तूत, 'कोमिआन क्लब' म्हणायचे त्याला, दिग्दर्शक, विद्यार्थी, गावातले आजोबा सगळे जमिनीवर एकत्र. विषम वर्षी ऑक्टोबरमध्ये असतो आणि प्रवेश फी घेत नाहीत. तुमच्यासारख्या, गावात राहून केलेल्या फिल्मला तिथे निदान समजून घेणारी नजर मिळते, निवड होवो न होवो. पाठवाच.

आपल्याकडचा मोठा म्हणजे मिफ, मुंबई इंटरनॅशनल फिल्म फेस्टिव्हल, १९९० पासून, दर दोन वर्षांनी, सम वर्षी. पूर्वी फिल्म्स डिव्हिजन करायचं, आता एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ करतं. सरकारी आहे, त्याचे फायदे-तोटे दोन्ही. तोट्याची गोष्ट नवीन मुलांना माहीत नसते म्हणून सांगते. २००४ च्या मिफसाठी अट घातली गेली की भारतीय फिल्मांना सेन्सॉर सर्टिफिकेट हवं, परदेशी फिल्मांना मात्र नको. देशभरातले डॉक्युमेंटरीवाले एकत्र आले, अट मागे घ्यावी लागली, पण मग अडचणीच्या वाटणाऱ्या बऱ्याच फिल्मा निवडीतच गळल्या. तेव्हा या लोकांनी प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात मिफच्याच दिवसांत समांतर फेस्टिव्हल भरवला, 'विकल्प'. आज देशात कोपऱ्याकोपऱ्यात जी स्वतंत्र स्क्रीनिंग चालतात त्यांच्यामागे त्यावेळी जमलेली ही माणसंच बरीचशी आहेत. म्हणजे फिल्म नाकारली गेली त्यातूनसुद्धा जाळं तयार झालं. मिफला पाठवू नका असं यातून काढू नका, पाठवा, मुंबईत डॉक्युमेंटरीचा एवढा प्रेक्षक एका ठिकाणी दुसरीकडे मिळत नाही.

केरळचा आयडीएसएफएफके, म्हणजे डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट फिल्मांचा आंतरराष्ट्रीय फेस्टिव्हल, तिरुवनंतपुरमला, २००८ पासून, तिथला प्रेक्षक मला सगळ्यात जास्त आवडतो. कैराली-श्री-निला थिएटरांत पोरं पायऱ्यांवर बसून डॉक्युमेंटरी बघतात आणि नंतर बाहेर चहावर तुम्हाला गाठून वाद घालतात. फेस्टिव्हलला सेन्सॉरमधून सूट मिळते ती माहिती-प्रसारण मंत्रालयाकडून, ती फेस्टिव्हलच मागतो, तुम्हाला धावपळ नाही. पण ती नाकारलीही जाऊ शकते, २०१७ मध्ये याच फेस्टिव्हलच्या ३ फिल्मांना नाकारली होती आणि प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. तुमच्या विषयाला तो धोका मला फारसा दिसत नाही.

काठमांडूचा फिल्म साउथ एशिया, १९९७ पासून. त्यांचं वैशिष्ट्य असं की फेस्टिव्हल झाल्यावर निवडक फिल्मा घेऊन ते दुसऱ्या शहरांत फिरतात, म्हणजे एका निवडीतून अनेक स्क्रीनिंग. आणि गोरखपूरचा, 'प्रतिरोध का सिनेमा', २००६ पासून, प्रायोजक घ्यायचाच नाही, प्रेक्षकांच्या वर्गणीवर चालवायचं. तिथे पुरस्काराची अपेक्षा ठेवू नका, पण उत्तर भारतातल्या छोट्या गावांत दारूविरोधी काम करणाऱ्या बायकांपर्यंत फिल्म जायची असेल तर असेच रस्ते आहेत. ॲमस्टरडॅमचा इडफा, जगातला सगळ्यात मोठा डॉक्युमेंटरी फेस्टिव्हल, तोही बघा, पण मुख्यतः पुढच्या फिल्मसाठी. त्यांचा इडफा बर्था फंड आशिया-आफ्रिका वगैरे भागांतल्या दिग्दर्शकांना मदत करतो, पण ती न झालेल्या फिल्मला. तयार फिल्म घेऊन पैसे मागायला गेलात तर उशीर झालेला असतो. पिचिंग, म्हणजे पैसे देणाऱ्यांसमोर फिल्मची कल्पना मांडणं, शिकायचं असेल तर कोलकात्याचा डॉकएज आणि गोव्यातला फिल्म बाजार (आता 'वेव्ह्ज फिल्म बाजार') जवळचे.

फीचं. सगळीकडे पाठवणं म्हणजे लग्नपत्रिका सरसकट वाटल्यासारखं आहे, आहेराची आशा ठेवू नये. दहा-बारा निवडा, त्यातले निम्मे बिनफीचे. जिथे फी आहे तिथे पहिल्या मुदतीत भरा, तेव्हा स्वस्त असते, आणि फी माफीसाठी दोन ओळींचा मेल टाका, स्वतःच्या पैशाने केलेली पहिली फिल्म म्हटलं की बरेच देतात. फिल्मफ्रीवे, म्हणजे जिथून ऑनलाइन फेस्टिव्हलांना फिल्म पाठवतात ती वेबसाइट, तिथे खोटे फेस्टिव्हल ढिगाने आहेत, ओळखायचे कसे? दर महिन्याला पुरस्कार, शंभर विभाग, कुठल्या थिएटरमध्ये दाखवणार त्याचा पत्ताच नाही, आणि जिंकलात की ट्रॉफीचे पैसे वेगळे. पोस्टरवर असल्या फेस्टिव्हलांची पंधरा 'लॉरेल' पानं, म्हणजे निवडीची-पुरस्काराची चिन्हं, लावलेली फिल्म आली की प्रीव्ह्यू करणाऱ्याला उलट शंका येते. मला तरी येते.

५४ मिनिटं ही लांबी अवघड आहे हेही स्पष्ट सांगते. शॉर्टमध्ये बसत नाही, पूर्ण लांबीच्या फिल्मांसमोर छोटी दिसते, फेस्टिव्हलला तिच्याबरोबर दुसरं काहीतरी जोडून स्लॉट भरावा लागतो. टीव्हीच्या तासाची लांबी ५२ मिनिटं असते. दोन मिनिटं निघत असतील तर काढा, दोन दारं जास्त उघडतील. पण ताणून सत्तर करू नका, ते लगेच कळतं.

प्रीव्ह्यूला आम्ही काय बघतो ते आता पटकन. पहिल्या काही मिनिटांत माणूस दिसला पाहिजे, ड्रोनमधून गाव नको, आणि बासरी तर अजिबात नको. साउंड खराब असेल तर फिल्म चांगली असूनही मागे पडते, चित्र खराब चालतं. इंग्रजी सबटायटल दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या, मराठी न येणाऱ्याकडून. तुमच्या विषयात तर एक गोष्ट सुरुवातीलाच कळायला हवी. मतपत्रिकेवर उभ्या आणि आडव्या बाटलीचं चित्र असतं, आणि नोंदलेल्या मतदार बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडवीला लागतात, नुसत्या आलेल्यांपैकी नाही. म्हणजे जी बाई घरी राहिली तिचं मत दुकानाच्या बाजूने गेल्यासारखंच. हे आपल्याला माहीत आहे, यामागातातल्या माणसाला नाही, आणि हे कळल्याशिवाय मतदानाच्या दिवशी दारोदार फिरून बायकांना बाहेर काढण्याच्या सीनमध्ये जीव का टांगणीला लागलाय ते त्याला कळणार नाही. मतपत्रिकेचा एक शॉट पहिल्या पाच मिनिटांत टाका.

गावाला काय मिळणार? फेस्टिव्हलमधून थेट बहुतेक काहीच नाही, खरं सांगते. ऑटोमॅटिक काही होत नाही. पण शेजारच्या तालुक्यात असंच मतदान लागणार असेल आणि तिथल्या बचत गटाला फिल्म दाखवली, तुमच्या गावच्या दोघीतिघी बरोबर गेल्या, तर उपयोग होतो, तो फेस्टिव्हलच्या निवडीवर अवलंबून नाही. फेस्टिव्हलचं नाव एवढंच करतं की ग्रामपंचायत, कॉलेज, एखादी संस्था हॉल द्यायला पटकन तयार होतात. कुठे पुरस्काराचे पैसे मिळाले तर त्यातलं बायकांना काय, कसं, हे आत्ताच ठरवा, मिळाल्यावर ठरवायला बसलात की भांडणं होतात. आणि जिथे तुम्हाला प्रवासखर्च देऊन बोलावतील तिथे विचारा की दुसरं तिकीट त्यातल्या एखाद्या ताईला मिळेल का. देशातल्या देशात असेल तर कधीकधी हो म्हणतात.

तर क्रम असा: घरात बायकांना दाखवणं, बदल, मग सबटायटल-साउंड, मग बिनफीचे आणि निवडक फीचे फेस्टिव्हल, जाहीर प्रीमियर शक्यतो केरळ, मिफ किंवा काठमांडू यातला जो आधी येईल तिथे, मग समाजमंदिर. यूट्यूबवर तोपर्यंत फक्त ट्रेलर, पूर्ण फिल्म पासवर्डच्या लिंकवर.

एक विचारायचं राहिलं, दुकानदाराची मुलाखत आहे का फिल्ममध्ये? असेल तर त्याची परवानगी लेखी आहे की नुसती कॅमेऱ्यावर? आणि तो ओळखू येतो का? हे कळलं की समाजमंदिरातलं स्क्रीनिंग आधी की नंतर, आणि तिथे त्याला बोलवायचं का, हे मी जास्त नीट सांगू शकेन.